आदितवारचा उपास

समता आमच्या गावात वर्षातून एकदा यायची आणि ती जीपमधून यायची. भात कापून झालं, खळी उरकली, थंडी जरा ओसरली की एखाद्या रविवारी कोळवणच्या रस्त्यावर धुरळा दिसायचा आणि आमच्या वस्तीतली पोरं ओरडत सुटायची, "आली, मंडळाची गाडी आली." मंडळ पुण्याचं. त्यातली माणसं मनानं चांगली होती, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी जे लिहिणार आहे त्यावरून तसं वाटेलच असं नाही. रविवारच का, तर त्यांना सुट्टी रविवारी असे. शाळेसमोर कनात लागायची, कापडी फलक टांगला जायचा, आणि गाव आणि आमची बौद्धवस्ती एका पंगतीला बसून जेवायची. याला सहभोजन म्हणत. जेवण मात्र पुण्याहून यायचं. आचारी पुण्याचा, पुऱ्या पुण्याच्या, जिलबी पुण्याची. जीप थांबली की गावातली जुनी माणसं आधी आचाऱ्याचं आडनाव विचारायची, आणि त्याबाबत समाधान झालं की मगच टोपी नीट करून पाटावर बसायची.

मंडळाचा नियम असा की पंगतीत एक गावातला, त्याच्या शेजारी एक वस्तीतला, मग पुन्हा एक गावातला, असं एकाआड एक बसायचं. कल्पना छान होती, पण गाव मोठं आणि आमची घरं मोजकी. पहिल्या पंगतीतच आम्ही संपून जायचो. दुसऱ्या पंगतीला आमची टंचाई पडायची. मग मंडळाचे कार्यकर्ते घामाघूम होऊन माझ्या वडिलांकडे यायचे, "तुम्ही जरा पुन्हा बसता का?" दादा अंगानं काटकुळे, स्वभावानं भिडस्त. ते पुन्हा बसायचे. तिसऱ्या पंगतीलाही बसायचे. अन्याय-अत्याचारांविषयी मी पुढं पुष्कळ वाचलं, पण समतेपायी माणसाला जिलबीनं अजीर्ण झाल्याचं उदाहरण मला दादांखेरीज दुसरं आढळलं नाही. सरपंच रामभाऊ फोटोच्या वेळी दरवर्षी नेमके त्यांच्याच शेजारी असत आणि जिलबीचा तुकडा दादांच्या तोंडापाशी नेऊन फोटोवाल्याची वाट बघत. सोमवारी पहाटे दादा पिरंगुटला कारखान्यात जायला निघाले की एस.टी.च्या थांब्यावर चहा घ्यायचे. त्या हॉटेलात आमच्या कपबश्या मागच्या खिळ्यावर वेगळ्या होत्या, आपल्या आपण विसळायच्या. रामभाऊ समोरच्या बाकावर बसलेले असायचे आणि आपुलकीनं विचारायचे, "काय, कालची जिलबी बरी व्हती न्हवं?"

आमचं घर वस्तीच्या टोकाला, डोंगराला पाठ लावून होतं. मला जाग यायची ती आईच्या मुसळाच्या आवाजानं. उखळात वरई पडली की आवाज दबका येतो, नाचणीचा जरा मोकळा येतो, आणि अंथरुणातूनच मला कळायचं की आज पानात काय आहे. दर घावाला आई तोंडानं "हं" करायची. कांडून झालं की ती सुपात पाखडायची आणि कोंडा अंगणात उडायचा, कोंबड्या धावायच्या. खालची पाण्याची खाचरं गावाची, त्यात आंबेमोहोर पिकायचा. आमच्या वाट्याला डोंगरउताराचा तुकडा होता, त्यावर वरई आणि नाचणी यायची. त्यामुळे आमच्याकडे रोज वरईचा भात, कधी त्यावर कुळथाचं पिठलं, कधी सुकटाची चटणी. गावातल्या घरांत वरई शिजायची ती एकादशीला नाहीतर शिवरात्रीला. आम्ही जे नाइलाजानं खायचो, ते गाव पुण्यासाठी खायचं. या हिशेबानं स्वर्गात आमच्या वस्तीसाठी चांगली ऐसपैस जागा राखून ठेवली असणार, असं मी एकदा दादांना म्हणाले तेव्हा ते म्हणाले, "आपून तितलं पत्तेच फाडून टाकलेत, शांते." आम्ही दीक्षा घेतलेली माणसं. देव, नवस, उपासतापास सगळं आमच्या घरातून माझ्या जन्माच्या आधीच गेलं होतं. त्या जागी भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, आणि दादा कामावरून आले की हातपाय धुऊन तिच्यापुढं दोन मिनिटं उभे राहायचे.

आई रामभाऊंच्या खाचरात कामाला जायची. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत दिवसभर कमरेत वाकून चिखलात उभं राहायचं म्हणजे पायाच्या बोटांच्या बेचक्या कुजतात, त्याला चिखल्या म्हणतात. रात्री ती मेंदी वाटून पायांना लावायची आणि पाय वर करून पडायची. मेंदीनं रंगलेले तिचे पाय नव्या नवरीसारखे दिसायचे. मला त्याचं लहानपणी हसू यायचं. पुढं हसू यायचं बंद झालं, कारण माझंही ठरलं होतं. सातवीनंतरचं हायस्कूल पौडला होतं, आणि आईच्या एकटीच्या हातानं आता काम उरकत नव्हतं. सातवी झाली की मीही तिच्याबरोबर खाचरात उतरायचं, यावर घरात कुणी वाद घातला नव्हता. मी सातवीत होते.

त्या वर्षी मंडळानं गावात बालवाडी काढायचं ठरवलं. हे डोकं वसुधाताईंचं. मंडळातल्या त्या एकट्याच अशा, ज्या रविवार सोडून इतर दिवशीही यायच्या आणि जीपनं न येता एस.टी.नं यायच्या. जाड भिंगांचा चष्मा, खांद्याला झोळी. आमच्या चुलीपुढं बसून वरईचा भात खायच्या आणि आमच्या पिसवांनी चावलेले हात खाजवत परत जायच्या. बालवाडी चावडीच्या ओसरीवर भरणार होती, आणि पोरांना दुपारचं शिजवून घालायला एक बाई लागणार होती. वर्षभराचं, सावलीतलं, कोरड्यातलं काम. वसुधाताईंनी ते आईला, सगुणाबाईंना, द्यायचं मनात धरलं होतं. आईला ते काम मिळालं तर खाचर सुटणार होतं, आणि तिचं खाचर सुटलं की माझंही. त्या दिवसांत मी शाळेत जाता-येता चावडीकडे बघायचे आणि ओसरीत चूल कुठं मांडता येईल ते मनात ठरवायचे.

चावडीवर बैठक झाली. बाया मागं उभ्या होत्या, आम्ही त्यांच्याही मागं. रामभाऊ म्हणाले, "ताई, आमच्या गावात असला भेद न्हाईच मुळी. तुमाला म्हाईत हाय. पर पोरं पडली ल्हान. त्येंच्या आया काय म्हंत्याल, ह्ये बी बघाया पायजे." आया काहीच म्हणाल्या नाहीत, कारण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. वसुधाताई चष्मा पुसत म्हणाल्या, "मग असं करू. यंदाच्या सहभोजनाला पुण्याचा आचारी नको. स्वयंपाक सगुणाबाई करतील. गाव जेवलं तर बालवाडीचं काम त्यांचं. नाही जेवलं, तर मी पुन्हा हा शब्द काढणार नाही." रामभाऊंनी आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाले, "झकास." ते झकास म्हणाले की काहीतरी बिनसणार, हे आमच्या वस्तीतल्या शेळ्यांनाही माहीत होतं.

बिनसायला फार दिवस लागले नाहीत. सहभोजनाच्या आधीच्या आठवड्यात आई रामभाऊंच्या परड्यात शेण काढत होती, मी टोपली उचलून देत होते. रामभाऊंची बायको, हौसावैनी, मागल्या दारात येऊन उभी राहिली. ती वाईट बाई नव्हती. आईला चहा वरून ओतताना ती कप भरून ओतायची. पदराशी चाळा करत म्हणाली, "सगुणे, कशाला गं जिवाला तरास करून घेतीस? आदितवारी समद्या गावाला उपास हाय."

"आदितवारी?" आईनं विचारलं.

"व्हय. खंडोबाचा. ह्येंनी धरलाय, म्हणून समद्यांनी धरलाय."

"कवापासनं, वैनी?"

"ह्या येत्या आदितवारपासनं," वैनी म्हणाली, आणि तिचं तिलाच काहीतरी वाटलं असावं, कारण ती लगेच आत गेली.

गेल्या रविवारी त्याच परड्यातल्या उकिरड्यावर कोंबडीची पिसं मी स्वतः पाहिली होती. पण भक्ती काय, कुणाला कधीही लागू शकते. गावाला ती साथीसारखी लागली. वाण्याला लागली, हॉटेलवाल्याला लागली, ज्याच्या घरी रविवारी हातभट्टी चालायची त्यालाही लागली. सबंध खोऱ्यात एवढं श्रद्धाळू गाव त्या आठवड्यात दुसरं नव्हतं.

संध्याकाळच्या एस.टी.नं दादा आले तेव्हा आई चुलीपुढं बसली होती. तिनं सगळं सांगितलं. दादांनी डोक्याची टोपी काढून खुंटीला लावली आणि म्हणाले, "जाऊं दे. ताईंना कळवू, बेत रद करा म्हणावं. उगं अन्न वाया जाईल." मी रडायला लागले. मला अन्नाचं काही नव्हतं. मला ते खाचर दिसत होतं.  आई वरईचा भात ढवळत होती. ढवळता ढवळता ती थांबली, भाताकडे बघत राहिली आणि एकदम हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसत होती.

"अवो," ती दादांना म्हणाली, "उपासाला काय चालतं?"

दादांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ते चिडले. आयुष्यात चिडलेले मी त्यांना दोन-तीनदाच पाहिले, त्यातली ही एक वेळ. "सगुणा, दीक्षा घेतली तवा काय सोडलं ते इसरलीस? उपास आपल्यात बंद झालं. आन आता त्येंच्या खंडोबाचा फराळ ह्या चुलीवर शिजवनार? ह्या तसबिरीम्होरं?"

"चूल माजी हाय," आई म्हणाली. "उपास त्येंचा हाय. मी कुटं उपास धरतीया? आपल्यात तर ह्ये रोजचंच ताट हाय."

"तरी बी त्ये खानार न्हाईत."

"न खाऊं देत. खाऊ वाटत न्हाई म्हणत्याल तर म्हणू द्या. पर 'चालत न्हाई' ह्यो शबुद त्येंच्या तोंडी मी ठेवायची न्हाई."

दादा बराच वेळ तसबिरीकडे तोंड करून उभे होते. मग त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या, कोपऱ्यातलं मुसळ घेतलं आणि उखळाशी जाऊन उभे राहिले. "किती कांडायची?" त्यांनी विचारलं. दादांना कांडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे घाव वाकडे पडत होते, आणि आई त्यांना शिकवताना पुन्हा पुन्हा हसत होती. पुढचे दिवस आमच्या वस्तीतल्या प्रत्येक घरातून वरई येत गेली. मंडळानं पाठवलेल्या तांदळाच्या पोत्याची शिवणसुद्धा कुणी उसवली नाही. वसुधाताईंनासुद्धा आईनं यातलं काही सांगितलं नाही, फक्त तूप पुण्याहून आणा असा निरोप धाडला.

रविवारी उजाडताना आई मला घेऊन नदीवर गेली. नदीवर आमचा पाणवठा खालच्या अंगाला होता आणि गावाचा वरच्या अंगाला. पाण्याला वाहताना हे माहीत असायचं की नाही कोण जाणे. आई त्या दिवशी वरच्या अंगाला चालत राहिली. मी भिऊन मागं बघत होते. "बघतीस काय, धर कळशी," ती म्हणाली. पाण्यात रामभाऊंच्या म्हशी डुंबत होत्या. त्यांना बाजूला हाकून आम्ही हंडे भरले.

ऊन तापायला लागल्यावर जीप आली. मंडळाचे अध्यक्ष नानासाहेब उतरले. निवृत्त प्राध्यापक, स्वच्छ धोतर, मऊ आवाज. मग फोटोवाला उतरला. गाव कनातीत येऊन बसलं, सगळ्यांच्या कपाळाला भंडारा. खंडोबानं स्वतः पाहिलं असतं तर संकोचून गेला असता. खरी गंमत अशी की त्यांना खरंच भूक लागली होती. उपासाची बातमी गावभर झाल्यामुळं सकाळी कुणाच्या घरून भाकरीचा वास येणं बरं दिसलं नसतं. शेजारी शेजाऱ्यावर कान ठेवून होता. बेत असा होता की सभा आटपली की घरी जाऊन चापायचं. पण सभा आटपणं नानासाहेबांच्या हातात होतं. ते समतेवर बोलले. मग ते समतेच्या इतिहासावर बोलले. मग माणसाच्या पोटातली भूक कशी जात ओळखत नाही, यावर ते इतका वेळ बोलले की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना ते मनापासून पटायला लागलं.

भाषण संपल्यावर रामभाऊ उठले, हात जोडले. "नानासाहेब, आमची लई विच्छा व्हती. सगुणानं एवढं कष्ट घेतलं. पर काय करावं, आज समद्या गावाला खंडोबाचा उपास आला. अन्न घेता येत न्हाई."

नानासाहेबांनी समजूतदारपणे मान हलवली. "श्रद्धेचा आदर केलाच पाहिजे," ते म्हणाले.  वसुधाताई उठून काही बोलणार, तेवढ्यात कनातीमागून आई पुढं आली. नवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात पळी.

"मला म्हाईत हाय उपास हाय त्ये," आई म्हणाली. "वैनींनी सांगितलं व्हतं. म्हणून तर उपासाचंच केलंया." आणि तिनं मोठ्या पातेल्यावरचं झाकण काढलं. वाफ वर गेली. वरईचा भात, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. तुपात जिरं आणि मिरची पडल्याचा वास कनातीच्या शेवटच्या माणसापर्यंत गेला, आणि कुणीतरी मोठ्यानं आवंढा गिळला.

रामभाऊंचं तोंड उघडंच राहिलं. पण ते जुने राजकारणी. "हळद घातलीस का? हळद चालत न्हाई."

"न्हाई घातली."

"आन हिंग?"

"न्हाई."

"मीठ साधं आसल."

"शेंदेलोण हाय."

"त्याल?"

"तूप हाय. ताईंनी पुण्यासनं आनलेलं."

मग सगळे गप्प झाले, कारण उरला होता तो प्रश्न सगळ्यांना माहीत होता आणि तो नानासाहेबांसमोर, फोटोवाल्यासमोर कुणी विचारायचा हे ठरत नव्हतं. शेवटी देवळातले गुरवतात्या, वयाचा मान असलेले, घसा खाकरून म्हणाले, "पानी कुठलं म्हनायचं?"

"वरल्या अंगाचं, तात्या," आई म्हणाली. "सरपंचांच्या म्हशी बसत्यात तितलं. म्हशींनी विचारलं न्हाई काय."

कुणी हसलं नाही. मागच्या बाजूला बायांमध्ये मात्र काहीतरी खुसखुसलं. मी पातेल्याशी उभी होते. आईचा पळी धरलेला हात स्थिर होता, पण मी जवळ होते म्हणून मला तिच्या गळ्याजवळची शीर उडताना दिसत होती. त्या क्षणी गावानं उठून जायचं म्हटलं असतं तर ते गेलं असतं, आणि मी आज हे लिहायला बसले नसते.

गावाला तात्यांनी वाचवलं. तेही सकाळपासून उपाशी होते. ते पातेल्याकडे पाहत विचारमग्न झाले आणि मग शास्त्र सांगावं तसं म्हणाले, "तसं बगाया गेलं तर फराळ म्हंजी काय अन्न न्हवं. उपासाला अन्न चालत न्हाई, फराळ चालतो. त्या अर्थी फराळ ह्ये अन्न न्हाई. आन ज्ये अन्न न्हाई, त्येला कसला इटाळ?"

सबंध आयुष्यात मी एवढा नितळ युक्तिवाद पुन्हा ऐकला नाही. गावानं सुटकेचा श्वास सोडला आणि पत्रावळी मांडल्या. एकाआड एक बसवायला मंडळाच्या कार्यकर्त्यांना वेळच मिळाला नाही, जो जिथं होता तिथं बसला. रामभाऊंनी पहिला घास घेतला तो औषध घ्यावं तसा, डोळे मिटून. दुसरा उघड्या डोळ्यांनी घेतला. नंतर त्यांनी आमटी चारदा मागून घेतली आणि शेवटी वाटी तोंडाला लावली. दादांना त्या दिवशी कुणी जिलबी भरवली नाही. ते एका कडेला बसून आपलं एकच पान शांतपणे जेवले. संपूर्ण कनातीत जेवले नाहीत ते एकटे नानासाहेब. त्यांना दाण्यानं पित्त व्हायचं म्हणे. जीपमध्ये जाऊन त्यांनी घरून आणलेला डबा उघडला, आणि फोटोपुरती एक पत्रावळ हातात धरली. तो फोटो पुढं मंडळाच्या अहवालात आला. त्यात ते फार तृप्त दिसतात.

काम आईला मिळालं. पण गाव शब्दाला पक्कं. फराळ चालेल असं ठरलं होतं, तेव्हा बालवाडीत फराळच शिजेल, अशी अट पडली. त्यामुळं गावातली सगळी नाक वाहणारी, चड्डी सांभाळणारी पोरं सोमवार ते शनिवार अखंड उपासाला लागली. वरई, रताळी, दाणे, राजगिरा. त्या वयात एवढं पुण्य गाठीला लावलेली पिढी तालुक्यात दुसरी नसेल. पुढं व्हायचं तेच झालं. एके दिवशी हौसावैनी आपल्या नातवाला, बाळूला, बखोटीला धरून चावडीवर आली. "सगुणे, काय घालतीस गं ह्येच्या पोटात? घरी भाताला शिवत न्हाई मेला. वरई पायजे म्हणून लोळतोय. उद्यापासनं भात घाल बाई समद्यांला."

"भात?" आईनं विचारलं. "त्यो तर अन्न हाय, वैनी."

"आसू दे अन्न," वैनी वैतागून म्हणाली. "फराळ चालतो तर भाताला काय धाड भरलीया?" त्या दिवसापासून भात शिजू लागला. वर्षानुवर्षांची रूढी मोडायला काय लागतं यावर पुढं मी शहरात परिसंवाद ऐकले. हट्टी नातू लागतो, असं तिथं कुणीच म्हणालं नाही.

मी पौडच्या हायस्कूलला जाऊ लागले. मंडळानं वेशीत फलक लावला की या गावात अस्पृश्यता नाही. फलक लागल्यावर जीप यायची बंद झाली, कारण त्यांच्या यादीतलं आमचं गाव आता झालं होतं. हॉटेलातल्या कपबश्या खिळ्यावरच होत्या, त्यांनी फलक वाचला नव्हता.

दोनेक वर्षांनी रामभाऊंच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं. हौसावैनी स्वतः बालवाडीत येऊन सांगून गेली, "समद्यांनी या जेवाया." असं बोलावणं आमच्या घराला पहिलंच. आईनं ठेवणीतलं लुगडं काढलं, मला वेणी घातली, दादांनी टोपी धुऊन वाळवली. दारातल्या मांडवात आम्ही पाऊल टाकलं तेव्हा पंगत मांडणं चाललं होतं. वैनी लगबगीनं आली, आईच्या कोपरापाशी हात नेला पण लावला नाही, आणि हळू आवाजात म्हणाली, "सगुणे, हितं नगं बसू. सोयरं मंडळी हायेत. मागल्या दारी पानं मांडल्यात तुमची. समद्यांच्या आदी तुलाच वाढते बग." वैनीला वाटत होतं की ती केवढा मान देते आहे. समद्यांच्या आधी. तिच्या चेहऱ्यावर खरी माया होती, आणि म्हणूनच मला ते आजही सहन होत नाही.

आईनं पंगतीवरून नजर फिरवली. मांडवात बसलेल्या निम्म्या पोरांना तिनं घास भरवले होते. मग ती अगदी शांत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "न्हाई वैनी. आज मला उपास हाय."

"उपास? तुमच्यात कुटं उपास असत्यात?"

"तुमचाच हाय. त्या आदितवारचा. तुमचा सुटला, माजा ऱ्हायलाय."

आम्ही परत निघालो. जिलबीचा वास वेशीपर्यंत आमच्याबरोबर आला. मला भयंकर भूक लागली होती आणि आईचा राग आला होता, कारण मागल्या दारची असली तरी ती जिलबीच होती. मी रस्त्यात विचारलं, "आये, कवा सुटनार गं तुजा ह्यो उपास?"

"पुढल्या दारी पान पडंल तवा," ती म्हणाली आणि घरी येऊन तिनं वरई वैरली.

तो उपास तिनं पाळला. रामभाऊंच्या घरात ती नंतर कामाला, मयताला, बाळंतपणाला गेली, पण पाण्याचा घोट घेतला नाही. रामभाऊ गेले, मग वैनी गेली, दादा गेले. मी नर्स झाले, नोकरी केली, निवृत्त झाले. खालची खाचरं एक एक करून पुण्याच्या लोकांनी घेतली, तिथं आता फार्महाऊस आहेत आणि आंबेमोहोर दुकानात पिशवीत मिळतो. वरई त्याच्याहून महाग मिळते, आणि डॉक्टर ती रोज खा म्हणतात. आम्ही तेव्हाच ऐकत होतो.

गेल्या साली बाळूच्या मुलीचं लग्न झालं. तोच बाळू, वरईसाठी लोळणारा. लग्न पिरंगुटच्या रस्त्यावरच्या एका मोठ्या लॉनवर होतं. आई तेव्हा ऐंशीच्या घरात होती, काठी धरून चालायची. कमानीपाशी फुलांचा दरवाजा केला होता. बाळू डोक्याचा फेटा सावरत पळत आला, सगळ्या पाहुण्यांदेखत वाकून आईच्या पाया पडला, तिचा हात धरला आणि तिला त्या कमानीतून आत घेऊन गेला. पुढच्या रांगेत सोफ्यावर बसवलं. पंगत नव्हती, उभ्यानं जेवायचं होतं, पण तो स्वतः ताट वाढून घेऊन आला आणि तिच्यापुढं टेबल ओढून त्यावर ठेवलं.

आईनं ताटाकडे पाहिलं. मग विचारलं, "बाळू, तुजी आजी आसती तर हितं वाढलं आसतं का रे मला?"

बाळू खोटं बोलला नाही. "म्हाईत न्हाई, आजी," तो म्हणाला.

"मला म्हाईत हाय. वाढलं आसतं. फकस्त भ्याली आसती."

तिनं भाताचा एक घास घेतला. बराच वेळ चावत राहिली. माझे डोळे भरून आले होते, मला वाटलं तिचेही येतील. बाळू दुसऱ्या पाहुण्यांकडे वळल्यावर ती माझ्या कानाशी वाकली.

"शांते," ती म्हणाली, "भात कच्चा हाय. एवढ्यासाठी इतकी वर्सं उपाशी ऱ्हायले व्हय मी?"

आणि मग तिनं ते ताट शेवटच्या शितापर्यंत संपवलं.